शाफ्टमध्ये दुसऱ्या तारेला जागा आहे का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका नव्या गृहसंकुलात आम्ही दोन वर्षांपूर्वी राहायला आलो. चौदावा मजला. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. नवऱ्याचं काम आठवड्यातले तीन दिवस घरून चालतं. इमारतीत जुनी टेलिफोन लाइन नाही, केबलवाल्याची वायर नाही. आहे ते फक्त बिल्डरच्या काळात पडलेलं फायबर, आणि तेही एकाच कंपनीचं. १०० एमबीपीएससाठी महिन्याला १,२९९ रुपये अधिक जीएसटी भरतो. माझी बहीण जवळच एका जुन्या सोसायटीत राहते, तिला तेवढाच स्पीड ७९९ मध्ये मिळतो. पावसाळ्यात आमचं नेट दिवसदिवस बंद असतं. दुसऱ्या कंपनीचा माणूस आला की गेटवरूनच परत पाठवतात. कमिटी म्हणते, बिल्डरने पाच वर्षांचा करार केलाय, आमचे हात बांधलेले आहेत. मी चिडून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "यात कोणाचं कमिशन आहे?" असं लिहिलं. सेक्रेटरी काका आमच्या शेजारीच राहतात, मुलाला गणित शिकवायचे. तेव्हापासून ते बोलत नाहीत. नवरा म्हणतो, सहाशे रुपयांसाठी कशाला वाकडं घेतेस. मोबाइलचं नेटवर्कही घरात धड येत नाही. आता गप्प बसून पैसे भरायचे, भांडायचं, की फ्लॅटच विकून टाकायचा?

प्रिय ताई,

तुमच्या यजमानांच्या सहाशे रुपयांपासूनच सुरुवात करते. १,२९९ वर १८ टक्के जीएसटी धरला की १,५३३ रुपये होतात. बहिणीचे ७९९ जीएसटीसह ९४३ होतात. फरक महिन्याला ५९०, वर्षाला ७,०८० रुपये. एका घरापुरतं पाहिलं तर यजमानांचं म्हणणं समजण्यासारखं आहे, एवढ्यासाठी शेजार तोडू नये. पण तुमच्यासारख्या संकुलात तीनशे घरं असतील आणि सगळी हाच फरक भरत असतील, तर वर्षाला एकवीस लाखांच्या वर रक्कम जाते. त्यात निवृत्त जोडपी आहेत, भाड्याने राहणारी मुलं आहेत. एखादं घर असंही असेल की जिथे नेट परवडत नाही म्हणून मुलं मोबाइलच्या डेटावर अभ्यास करतात. म्हणून हा तुमच्या एकटीच्या बिलाचा प्रश्न मी मानत नाही. आणि तो सगळ्यांचा असल्यामुळेच एकटीने ग्रुपवर भांडून सुटणार नाही.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत. करार आहे म्हणजे काही करता येत नाही, फायबर एकाचं आहे म्हणजे दुसरा येऊ शकत नाही, आणि कमिटी गप्प आहे म्हणजे कुठेतरी पैसा मुरतोय. तिन्ही खरं असू शकतं. पण पत्रावरून एवढंच कळतं की यातली एकही गोष्ट अजून कोणी तपासलेली नाही.

आधी करार. तो तुम्ही वाचला आहे का? कमिटीतल्या कोणी वाचला आहे का? नव्या संकुलांमध्ये ज्याला सगळे "करार" म्हणतात, तो कागद हातात आल्यावर कधी तीन पानांचं परवानगीपत्र निघतं, कधी तळघरात रॅक ठेवायला जागा दिल्याचं भाडेपत्र, आणि कधी खरोखरच "इतर कोणत्याही सेवा पुरवठादाराला प्रवेश देणार नाही" असं लिहिलेला करार. तिन्हींचा अर्थ अगदी वेगळा. पहिल्या दोन्हींत दुसऱ्या कंपनीला येण्याची बंदी नसतेच. ती फक्त बोलण्याबोलण्यात तयार झालेली असते. तिसऱ्या प्रकारात बंदी असली तरी तिला मुदत असते, बाहेर पडण्याची नोटीस असते, सेवेच्या दर्जाच्या अटी असतात, आणि त्या अटी कंपनीनेच मोडल्या असण्याचीही शक्यता असते. पावसाळ्यात दिवसदिवस बंद राहणारं नेट ही त्याच कलमात बसणारी गोष्ट आहे.

म्हणून पहिलं पाऊल म्हणजे सोसायटीला एक साधं, सभ्य पत्र. इंटरनेट सेवेसंबंधी बिल्डरने किंवा सोसायटीने केलेल्या कराराची प्रत पाहायला मिळावी, एवढंच त्यात लिहा. पोच घ्या. सोसायटी नोंदणीकृत असेल तर सभासद म्हणून दफ्तर पाहण्याचा आणि प्रती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. प्रत बिल्डरकडेच अडकली असेल, तर ती मागवून घेणं हे कमिटीचं काम. कागद आला की पाच गोष्टी शोधा: सही कोणाची, मुदत कधीपासून कधीपर्यंत, शाफ्टमधलं, म्हणजे इमारतीत तारा वर नेण्याच्या उभ्या पोकळीतलं, फायबर कोणाच्या मालकीचं, इतरांना बंदी आहे का, आणि बदल्यात बिल्डरला किंवा सोसायटीला काय मिळतं. शेवटचा मुद्दा नीट पाहा. क्लबहाउसचं फुकट वायफाय, गेटवरच्या कॅमेऱ्यांची लाइन, ऑफिसचं कनेक्शन अशा रूपात हा मोबदला बऱ्याचदा दिलेला असतो. त्यात कोणाच्या खिशात काही जात नाही, पण त्याची किंमत तुमच्या १,२९९ मध्ये धरलेली असते.

बिल्डरने सही केलेला करार सोसायटीवर कितपत बंधनकारक आहे, हे ताबा कधी मिळाला, सोसायटी कधी नोंदली गेली आणि कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं, झालं आहे का यावर ठरतं. कन्व्हेयन्स राहिलं असेल तर तो विषय इंटरनेटपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि त्यासाठी सोसायटीने वकील गाठायला हवाच. त्याच बैठकीत हा करारही त्यांच्यापुढे ठेवता येईल.

आता फायबर. उद्या सकाळी लिफ्टच्या लॉबीत इलेक्ट्रिक मीटरशेजारचं लो-व्होल्टेज शाफ्टचं दार उघडायला सांगा आणि स्वतः पाहा. आत एक छोटी प्लास्टिकची पेटी दिसेल. तिच्यात खालून एक तार येते आणि स्प्लिटरमधून तिच्या आठ, सोळा किंवा बत्तीस वाटा होतात. त्यातली एक वाट पाइपातून तुमच्या घरातल्या पांढऱ्या बॉक्सपर्यंत जाते. तुमच्या घरापर्यंत येणारी ती शेवटची तार दोन-तीन मिलिमीटर जाडीची, चपटी असते. बहुतेक नव्या फ्लॅटमध्ये इंटरकॉमसाठी एक आणि गच्चीवरच्या डिशसाठी एक असे वेगळे पाइप टाकलेले असतात, आणि त्यातला निदान एक तरी मोकळा असतो. जागा आहे की नाही हे ठरवायला इंजिनिअर लागत नाही. सोसायटीचा वायरमन स्प्रिंग घालून पंधरा मिनिटांत सांगतो.

जुन्या इमारतींत ही अडचण यायचीच नाही. टेलिफोनची तांब्याची जोडी वेगळी, केबलवाल्याची वायर वेगळी, आणि एकाशी जमलं नाही तर दुसरा खिडकीतून वायर ओढून द्यायचा. ते दिसायला वाईट होतं, पण निवड होती. फायबर-ओन्ली इमारतीत घरापर्यंतचा शेवटचा तुकडा ज्याच्या मालकीचा, त्याच्या हातात ते घर. त्यामुळे दुसऱ्या कंपनीपुढे दोनच मार्ग उरतात: शाफ्टमधून स्वतःची तार टाकायची, किंवा आहे त्या फायबरवर भाड्याने यायचं. दुसरा मार्ग तांत्रिकदृष्ट्या अगदी शक्य आहे, पण त्याला पहिल्या कंपनीची तयारी लागते. पहिल्या मार्गाला लागते ती सोसायटीची परवानगी. फायबर कंपनीचं असेल, पण ते ज्या शाफ्टमधून जातं तो शाफ्ट तुम्हा सगळ्यांचा आहे. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

कायदा काय म्हणतो, हे तुम्ही विचारलेलं नाही. पण सभेत कोणीतरी विचारणारच, म्हणून सांगते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०१७ मध्येच इमारतींच्या आतल्या जाळ्याबद्दल शिफारशी केल्या होत्या. एकाच कंपनीला प्रवेश देणारे करार बंद व्हावेत आणि आतली सुविधा सगळ्या कंपन्यांनी वाटून वापरावी, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. तिच्या जोरावर तुम्ही कोणाचा करार रद्द करू शकत नाही. नंतर आलेल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यात मार्गाधिकार, म्हणजे तार नेण्याची परवानगी, भेदभाव न करता आणि शक्य तोवर एकालाच राखून न ठेवता द्यावी असं तत्त्व घातलेलं आहे. त्याखालचे २०२४ चे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. मात्र खासगी जागेत ही परवानगी मुळात मालकाशी बोलून, करार करूनच मिळवायची असते. म्हणजे कंपनी कायदा दाखवून तुमच्या गेटमधून आत शिरू शकत नाही, आणि तसं असणं योग्यही आहे. सोसायटीने परवानगी द्यायची ठरवली, तर मात्र कायद्याचा कल तिच्या बाजूला आहे.

अमेरिकेतही हाच त्रास होता. अपार्टमेंटमधल्या लोकांना एकाच कंपनीशी बांधणारे करार तिथल्या नियामकाने २००८ मध्ये रोखले. तरी कंपन्या आणि इमारतमालक उत्पन्नाच्या वाटणीच्या रूपाने तेच करत राहिले, म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या वाटणीच्या काही प्रकारांवरही बंदी आणावी लागली. हे सांगते ते एवढ्यासाठीच की तुमच्या संकुलात जे चाललं आहे त्यामागे कोणी एक वाईट माणूस असलाच पाहिजे असं नाही. जिथे शेवटची तार एकाच्या हातात असते, तिथे जगभर असंच होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि ते तुम्हीच सुरू करू शकता. दुसरी कंपनी गेटवर एक माणूस पाठवते, तो परत जातो, आणि ती तुमच्या संकुलाचं नाव यादीतून काढून टाकते. तिला शाफ्टमधून तार वर चढवायला खर्च येतो, तो किती घरांमधून वसूल होईल हे तिला कळायला हवं. म्हणून एक साधा फॉर्म तयार करा. विंग आणि फ्लॅट, आत्ताचा प्लॅन आणि बिल, गेल्या तीन महिन्यांत नेट किती वेळा बंद पडलं, आणि दुसरा पर्याय मिळाला तर घ्याल का, बस एवढंच. फोन नंबर मागू नका, आणि घरांची यादी कोणत्याही कंपनीच्या हातात देऊ नका, आकडे द्या. भाडेकरूंना फॉर्म भरायला आवर्जून सांगा. त्यांना सभेत मत नाही, पण बिल तेच भरतात, आणि त्यांच्यातले बरेच जण घरून काम करणारे असतात.

शंभर घरांची तयारी कागदावर दिसली की बोलणं बदलतं. मग किमान तीन ठिकाणी विचारा: दोन मोठ्या कंपन्या आणि एक स्थानिक. बीएसएनएलचं फायबर स्थानिक भागीदारांमार्फत बऱ्याच भागांत मिळतं, त्यांनाही विचारा. स्थानिक पुरवठादाराला लोक उगाच कमी लेखतात. लाइन तुटली की त्याचा माणूस स्कूटरवरून अर्ध्या तासात येतो, हे मोठ्या कंपनीच्या कॉल सेंटरला जमत नाही. मात्र त्याला विचारा की त्याची लाइन संकुलापर्यंत कोणत्या रस्त्याने येते. दोन्ही कंपन्यांच्या तारा एकाच गटारावरच्या एकाच खांबावरून येत असतील, तर रस्ता खणला की दोन्ही नेटं एकदमच जातील.

मग विषय सर्वसाधारण सभेपुढे न्या. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायलाच हवी. तोवर थांबायचं नसेल तर एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की विशेष सभा एका महिन्यात बोलवावी लागते. ठराव छोटा ठेवा: सोसायटी कोणत्याही परवानाधारक इंटरनेट कंपनीला समान अटींवर शाफ्ट वापरायची परवानगी देईल, आणि यापुढे कोणाशीही एकट्याला राखीव करार करणार नाही. आत्ताच्या कंपनीला हाकलायचं नाही, हे ठरावात स्पष्ट लिहा. तिच्यावर समाधानी असलेली घरंही असतील. त्यांना वाटता कामा नये की तुम्ही त्यांचं नेट बंद करायला निघाला आहात.

इथे कमिटीच्या बाजूने दोन शब्द बोलते. "नाही" म्हणण्यामागे कमिटीची भीती बऱ्याचदा खरी असते. प्रत्येक कंपनीचा माणूस ड्रिल घेऊन येतो, शाफ्टच्या स्लॅबला भोकं पाडतो, ती बुजवत नाही, आणि आग लागली तर धूर त्याच भोकांमधून मजल्यामागून मजला वर चढतो. बाल्कन्यांवरून लोंबणाऱ्या वायरी, लिफ्टच्या डक्टमध्ये घुसवलेल्या तारा, आणि कनेक्शन बंद झाल्यावरही वर्षानुवर्षं तशाच राहिलेल्या तारा मी कितीतरी सोसायट्यांमध्ये पाहिल्या आहेत. त्यामुळे तुम्ही ठरावाबरोबर अटींचा कागदही घेऊन गेलात, तर कमिटीचं अर्धं ओझं उतरतं. तार फक्त लो-व्होल्टेज शाफ्टमधून, लिफ्टच्या डक्टमधून कधीही नाही. प्रत्येक तारेला कंपनीचं नाव आणि फ्लॅट नंबर लिहिलेला टॅग. पाडलेलं प्रत्येक भोक आगरोधक पदार्थाने बुजवायचं. काम संपल्यावर नकाशा सोसायटीला द्यायचा. परत मिळणारी अनामत ठेवायची, आणि सेवा बंद झाली की तारा काढून न्यायच्या. सोसायटीला भाडं किंवा कमिशन घ्यायचंच असेल तर ते उघडपणे हिशेबात दाखवा. माझं मत विचाराल तर घेऊच नका; त्याऐवजी तेवढी सूट सभासदांच्या बिलात मागा. कारण ते कमिशन शेवटी सभासदांच्याच बिलातून येतं.

हे सगळं व्हायला चार-सहा महिने लागतील. तोवर तुम्हाला रोज जगायचं आहे, म्हणून घरातलं बघू.

पहिलं, वर्षभराचे पैसे एकदम भरू नका. "बारा महिने भरा, दोन महिने फुकट" ही ऑफर या परिस्थितीत महाग पडते, कारण दुसरी कंपनी आली तरी तुम्ही अडकलेले असाल. महिन्याचा किंवा फार तर तिमाही प्लॅन घ्या.

दुसरं, १०० एमबीपीएस खरंच लागतो का ते पाहा. एका व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, एचडी सिनेमाला पाचच्या आसपास, आणि फोर-के लावला तर पंधरा ते पंचवीस. यजमानांची मीटिंग, मुलाचा क्लास आणि सासूबाईंची मालिका एकाच वेळी चालली तरी ५० एमबीपीएसमध्ये आरामात बसतं. त्याच कंपनीचा खालचा प्लॅन असेल तर आधी तो घ्या. आणि तुमच्या १,२९९ मध्ये तीन-चार ओटीटी अॅप्स जोडलेली आहेत का हेही पाहा. बहिणीच्या ७९९ मध्ये ती नसतील, तर तुलनाच थोडी चुकते. हा आकडा सभेत मांडण्याआधी हे तपासलेलं बरं, नाहीतर समोरचा पहिल्याच मिनिटाला तुम्हाला गप्प करेल.

तिसरं, स्पीड मोजताना वायफायवर मोजू नका. लॅपटॉप लॅनच्या वायरने थेट राउटरला जोडा आणि मग मोजा. सकाळी सातला, दुपारी आणि रात्री नऊला, आठवडाभर, आणि प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट ठेवा. वायरवर ९० येतात आणि बेडरूममध्ये १२, तर दोष लाइनचा नाही, भिंतींचा आहे. नव्या इमारतींत बिल्डर तो पांढरा बॉक्स दाराशेजारच्या लोखंडी पॅनेलमध्ये बसवतात, आणि राउटरही तिथेच कोंडला जातो. तो बाहेर, घराच्या मध्याशी आणला तरी बऱ्याच घरांचा निम्मा त्रास जातो. वायरवरही रात्री नऊला २० येत असतील, तर एकाच वाटेवर कंपनीने जास्त घरं घातली आहेत किंवा तिची वरची लाइन अपुरी आहे. ती तुमची तक्रार, आणि तिला आता पुरावा आहे.

पावसाळ्यातली बंदी मला जास्त खटकते. काचेच्या फायबरला पाण्याने किंवा विजेने तांब्यासारखा त्रास होत नाही. मग नेट जातं कशाने? बहुतेक वेळा जोडांमध्ये शिरलेलं पाणी, किंवा तळघरातल्या रॅकची गेलेली वीज. काही संकुलांत फायबर फक्त इमारतीपर्यंत असतं. प्रत्येक मजल्यावर विजेवर चालणारा स्विच आणि तिथून घरापर्यंत साधी लॅनची वायर. तिथे मजल्यावरची वीज गेली की इन्व्हर्टर असलेल्या घराचंही नेट जातं. तुमच्या बॉक्सवर पुढच्या वेळी नेट गेलं की पाहा. एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर तार किंवा तिच्यावरचा प्रकाश खंडित झालाय, दिवे नेहमीसारखे असतील तर दोष पुढे कुठेतरी आहे. फोटो काढा, वेळ लिहा, तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवर मेकॅनिकला पाठवलेला मेसेज ही तक्रार नव्हे.

तक्रारीने काय होतं आणि काय होत नाही, हे मात्र आधी माहीत असू द्या. ब्रॉडबँडचे दर कंपन्या स्वतः ठरवतात. ट्राय त्यांच्यावर कमाल मर्यादा लावत नाही. त्यामुळे "महाग आहे" या तक्रारीने दर उतरणार नाहीत. सेवेची आणि चुकीच्या बिलाची तक्रार मात्र लावून धरता येते. कंपनीच्या तक्रार केंद्राने ती सोडवली नाही तर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. तेही जमलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, आणि शेवटी ग्राहक आयोगाकडे. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. बंद दिवसांचे पैसे बिलातून वजा करून मागा, आणि लेखी मागा. दहा घरांनी एकाच आठवड्यात तसं मागितलं तर कंपनीचा माणूस स्वतःहून कमिटीकडे येतो.

फायबरशिवायही एक रस्ता आहे. जिओने सप्टेंबर २०२३ मध्ये पुणे-मुंबईसह आठ शहरांत एअरफायबर सुरू केलं, एअरटेलची तशी सेवा त्याच्या आधीच्या महिन्यात मुंबई-दिल्लीत आली, आणि नंतर दोन्ही पसरल्या. यात घरापर्यंत तार येत नाही. बाहेर बसवलेल्या अँटेनाने फाइव्ह-जीचा सिग्नल घ्यायचा आणि आत राउटरला द्यायचा. तुमच्या घरात मोबाइल नीट चालत नाही म्हणून हे जमणार नाही, असं मात्र समजू नका. चौदाव्या मजल्यावर सिग्नल बहुतेक वेळा बाल्कनीत चांगला असतो, काच आणि काँक्रीट ओलांडून आत येताना मरतो. बाल्कनीत उभं राहून फाइव्ह-जी फोनवर स्पीड मोजून पाहा, तोही रात्री नऊला. चांगला आला तर निदान यजमानांच्या कामासाठी दुसरी सोय म्हणून विचार करा. बाहेरच्या भिंतीवर अँटेना लावायला सोसायटीची परवानगी लागेल, ती आधी घ्या. हट्टाने लावून मागून भांडण नको. पण एक सांगते, तीनशेपैकी शंभर घरांनी हे घेतलं तर त्याच टॉवरवर संध्याकाळी गर्दी होईल. सगळ्यांचा प्रश्न शेवटी तारेनेच सुटणार आहे.

फ्लॅट विकण्याबद्दल: यासाठी नको. मुद्रांक शुल्क, दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च धरला तर त्या पैशांत तुमच्या बिलातला फरक कित्येक दशकं निघेल, आणि मुलाचं दहावीचं वर्ष आहे. शिवाय पुढच्या संकुलात हेच नसेल याची खात्री काय? ज्या वाचकांचा फ्लॅट अजून घ्यायचा आहे त्यांनी मात्र करारनाम्यावर सही करण्याआधी बिल्डरला लेखी विचारावं: किती कंपन्यांची लाइन आहे, शाफ्टमध्ये आणि फ्लॅटपर्यंत मोकळा पाइप आहे का, आणि कोणाशी राखीव करार केला आहे का. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीसाठी स्टार रेटिंग देण्याचे नियम काढले आहेत. ती सक्ती नाही, पण बिल्डर जलतरण तलाव दाखवत असेल तेव्हा हा प्रश्न विचारायला ते चांगलं निमित्त आहे.

राहिले काका. ताई, कमिशनचा तो मेसेज मागे घ्या, आणि ग्रुपवरच मागे घ्या, कारण तो ग्रुपवर लिहिला होता. "मी पुराव्याशिवाय लिहिलं, ते चुकलं. पर्याय मिळावा ही मागणी मात्र कायम आहे" अशी दोन वाक्यं पुरेत. उद्या करारात खरंच काही गैर सापडलं, तर ते कागद दाखवून बोलता येईल, आणि तेव्हा तुमचं ऐकलं जाईल. सेक्रेटरीपद बिनपगारी असतं. पाण्याच्या टँकरपासून लिफ्टच्या बिघाडापर्यंत सगळे त्यांनाच फोन करतात, आणि त्यावर चोरीचा आळ आला की माणूस आतून दुखावतो. सभेची नोटीस निघण्याआधी त्यांच्या घरी जा, यजमानांना बरोबर घेऊन. फॉर्ममधले आकडे आणि अटींचा कागद आधी त्यांना दाखवा, आणि ठराव त्यांनीच मांडावा असं सुचवा. त्यांच्या घरात तीच तार येते, तेव्हा त्यांचंही बिल विचारून पाहा; बहुधा तेही १,५३३ च भरत असतील.